काऊन विचारणारी आपा

आपा रडणाऱ्या माणसाला पाणी आणून द्यायची, पण ज्या वाक्यानं तो रडला ते वाक्य कधी मागे घ्यायची नाही. याचा पहिला अनुभव मला राष्ट्रीय पातळीवरच्या एका गणित संशोधन संस्थेत दाखल झाल्या झाल्याच आला. मी साखरखेर्ड्याची. तोवर एकटीनं जालन्याच्या पलीकडे गेले नव्हते. बुधवारच्या चर्चासत्रात फळ्यासमोर माझी पहिलीच वेळ होती. पहिली ओळ लिहून मी मागे वळते तोच शेवटच्या बाकावरून आमच्याकडच्या बोलीत एका बाईचा आवाज आला, "हे सिद्ध नाई झालं. हे तुले वाटलं."

खरंच तसं होतं. पण ते कळायला मला दोन तास लागले आणि तोवर मी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये आतून कडी लावून बसले होते. दार वाजलं. बाहेर तीच बाई, हातात पाण्याची बाटली. "पी," ती म्हणाली. मी प्यायले. माझं पिऊन होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "आता दुसरी ओळ पाह्य. ते बी चूक हाय."

ती देऊळगाव राजाची. वडील बसस्टँडजवळ गाद्या आणि रजया भरून विकायचे. पीएचडी संपवून ती संस्थेतच तात्पुरत्या नेमणुकीवर होती. वसतिगृहातल्या मुली तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायच्या, मग प्राध्यापकही म्हणू लागले. इतकी वर्षं बाहेर राहूनही तिनं आपली बोली सोडली नव्हती. पुण्याहून आलेले लोक तिचं मराठी ऐकून आधी गालात हसत, आणि तिनं त्यांच्या मांडणीला हात घातला की हसायचे थांबत.

तिचा आवडता शब्द 'काऊन'. भाषण इंग्रजीत असो की हिंदीत, अडलं की ती मागून विचारायची, "काऊन?" दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांना वाटलं, ती 'कौन' विचारते आहे. त्यांनी मोठ्या आदबीनं ते प्रमेय मांडणाऱ्या जर्मन गणितज्ञाचं नाव सांगितलं. आपा म्हणाली, "नाव नाही विचारलं. का, ते विचारलं." व्याख्यान तिथंच आटोपलं आणि चहा वेळेआधी मागवावा लागला. त्यानंतर संस्थेतले बंगाली आणि तमिळ प्राध्यापकसुद्धा विद्यार्थ्यांना धमकावताना म्हणायचे, नीट तयारी करा, काऊन येईल.

माझ्या हातून संशोधन होणार नाही, हेही मला तिनंच सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, वरणभात कालवता कालवता. "तू मेहनत लई करते. पण मेहनतीनं हे होत असतं तर माह्या अब्बानंच केलं असतं." मी घास ताटात ठेवला. तिनं पेला माझ्याकडे सरकवला. "तू लिहिते मात्र चांगलं. लिहायचं काम घे." ती असं बोलली म्हणून मी तिचा महिनाभर द्वेष केला. नंतर संस्थेच्या वार्तापत्राची जागा निघाली, मी अर्ज केला, आणि आजही त्याच कामावर आहे. कोण पाहुणा आला, कुणाला कोणता सन्मान मिळाला, कुठं शिबिर भरलं, या सगळ्या बातम्या माझ्या हातच्या असतात.

शिबिरांचीच गोष्ट घ्या. संस्था उन्हाळ्यात ठिकठिकाणी गणिताची शिबिरं भरवते. आपाच्या हट्टानं त्यातलं एक देऊळगाव राजाच्या कॉलेजात भरू लागलं. मेहकर, जालना, हिवरा आश्रम असं कुठून कुठून मुलं यायची. एका वर्षी तिथं डोईफोडे सर आले. आपाला अकरावी-बारावीला गणित शिकवलेले. आपाचं लग्न उरकून टाका म्हणणाऱ्या तिच्या नातेवाइकांना अब्बांच्या दुकानात जाऊन गप्प बसवणारेही तेच. निवृत्तीनंतर सर एकाच नादात होते. पट्टी आणि कंपास वापरून कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग करायचे. ते जमलं, असं त्यांना वाटत होतं. भला मोठा कागद त्यांनी भिंतीवर लावला आणि मुलांना समजावून सांगितला.

आपानं त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, "सर, हे होत नसते. होत नाई हेच सिद्ध झालेलं हाय." सर हसून म्हणाले, "मग हे काय आहे?" तिनं कागदावरच्या एका रेषेवर बोट ठेवलं. "ही रेघ या बिंदूतून जात नाई, सर. बाजूनं जाते. तुमची पेन्सिल जाड हाय, म्हणून गेल्यासारखी दिसते." हॉलमधली मुलं हसली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कागदाजवळ डोळे नेले. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले आणि कागदाची गुंडाळी करून निघून गेले. पुन्हा शिबिराला आले नाहीत.

मी तिच्यावर चिडले. घरी जाऊन सांगता आलं नसतं का? ती म्हणाली, "त्याईनं मांडलं कोणासमोर? पोराईसमोर. मंग चूक बी पोराईलेच दिसली पाहिजे." मी म्हटलं, तुला ते बापासारखे होते. "व्हते ना," ती म्हणाली. तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती.

मग तिच्या स्वतःच्या कामाची वेळ आली. एका जातीच्या समीकरणांना पूर्णांकांत उत्तर असतं की नाही, हे सोडवायला बसण्याआधीच सांगता येईल अशी कसोटी तिनं शोधली होती. बरीच वर्षं तिनं त्यात घातली होती. शोधनिबंध एका नावाजलेल्या नियतकालिकानं स्वीकारला. बातमी मी लिहिली. संचालकांनी ती संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यात वर, तिच्या फोटोसकट लावली. देऊळगावात बसस्टँडवर तिचं बॅनर लागलं, बाजार समितीच्या सभागृहात सत्कार ठरला. अब्बांनी बातमीचं पान दुकानात लावलं. गादीचं माप सांगायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी पान दाखवायचे, मग माप घ्यायचे.

सत्काराच्या आदल्या दिवशी मी आणि आपा जालन्याहून एसटीनं निघालो. ती नेहमीसारखी समोरच्या सीटच्या पाठीवर बोटानं काहीतरी गिरवत होती. गिरवता गिरवता बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी विचारलं, काय झालं.

"तिसऱ्या टप्प्यात मी एक गोष्ट धरून चालली. ते दर वेळी खरं नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे पडलं."

मी म्हटलं, "दुरुस्त होईल की."

"व्हईल बी. पण आज झालेलं नाई."

"आपा, उद्याचं होऊ दे. अब्बांकडे बघ. परवा सांग सगळ्यांना."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अन् उद्या शाल अंगावर घेतल्यावर मी कोण राहीन?"

सभागृह गच्च भरलेलं. अब्बा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या नव्या कुडत्यात. संचालक मुद्दाम एवढ्या लांबून आलेले. नगराध्यक्ष शाल उलगडून पुढे झाले तेव्हा आपानं हातानं त्यांना थांबवलं आणि माइक घेतला. "ज्याच्यासाठी हा सत्कार हाय ते काम चुकलेलं हाय. मले काल समजलं. शाल घेता येत नाई." मागं कुणीतरी भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या. मग त्याही थांबल्या.

अब्बा जागेवर उभे राहिले. "बेटी, मतलब क्या हुआ?"

"मतलब हुआ नहीं, अब्बा."

परत जाताना गाडीत संचालक इंग्रजीत म्हणाले, मला आधी सांगितलं असतं तर काहीतरी मार्ग काढला असता. आपा म्हणाली, गणितात मार्ग काढता येत नाही सर, तो असतो किंवा नसतो. बातमी संकेतस्थळावरून नाहीशी झाली. वर्ष संपलं तेव्हा तिची नेमणूक वाढवली गेली नाही, जागा नाही असं कारण दिलं. निबंध तिनं स्वतःच मागे घेतला होता. शेवटच्या बुधवारी तिनं चर्चासत्रात ती चुकलेली जागा फळ्यावर मांडली, कुठं अडतं ते उलगडून सांगितलं, आणि "ज्याले जमन त्यानं बुजवा," असं म्हणून खडू ठेवला. मग ती गावी परतली.

गावानं अब्बांना सोडलं नाही. माणसं गादी चाचपून विचारायची, "चाचा, आत कापूस हाय ना खरंच? का पोरीच्या गणितासारखं?" अब्बाही त्यांच्याबरोबर हसायचे. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला. पोरीनंच बापाला पाडलं, असं अख्खं बसस्टँड बोलायचं, तेही तिच्या कानावर जाईल अशा आवाजात. ती दुकान बघू लागली. मागच्या खोलीत अब्बांची खाट, पुढे कापसाचे ढीग आणि मधे ती.

दरम्यान तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलानं परदेशात बसून ती जागा बुजवली. त्याचा निबंध बरोबर आहे का ते तपासायला नियतकालिकानं कुणाकडे पाठवावा? आपाकडेच. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं. अख्खा उन्हाळा तिनं त्यावर घालवला. मी फोनवर विचारलं, "चूक सापडावी असं वाटलं का?"

"रोज वाटलं," ती म्हणाली. "अन् रोज नाई सापडली."

छापावा, असं तिनं कळवलं. त्या मुलाचं नाव आता जगभर झालं आहे. आमच्या संस्थेनं त्याला व्याख्यानाला बोलावलं, त्याची बातमी मीच लिहिली. ती लिहिण्याआधी मी देऊळगावला गेले, आपाचे दोन शब्द त्यात घालावेत म्हणून. तिनं नाही म्हटलं. दुकानात एक गिऱ्हाईक रजई बघत होतं. आतून खाटेवरून अब्बांचा बोबडा आवाज आला. माझं येणं कशासाठी ते त्यांनी ऐकलं होतं. ते त्या माणसाला सांगत होते, "सुना क्या? मेरी बेटी का सच निकला."

आपानं रजईची घडी हातातच धरून मागे वळून म्हटलं, "मेरा नहीं, अब्बा. उस लड़के का निकला."

गिऱ्हाईक खाली बघू लागलं. आतून अब्बा म्हणाले, "कभी झूठ ही बोल देती. मेरेकू कौन सा तेरा गणित समझता है."

"इसीलिए नहीं बोलती," ती म्हणाली. "जिसको समझता नहीं, उससे झूठ बोलना सबसे आसान है."

अब्बांनी भिंतीकडे तोंड केलं. तिनं त्यांची उशी नीट केली, पायावर पांघरूण ओढलं, आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकाला रजईची किंमत सांगितली. त्या दिवशी मला तिच्यासमोर बसवेना. दुपारच्याच गाडीनं मी निघून आले.

त्याच वर्षी हिवाळ्यात अब्बा गेले. मला कळायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती. आपा मागच्या खोलीत रिकाम्या खाटेशेजारी बसली होती, वाळलेली, केस बरेच पांढरे झालेले. शेवटी त्यांना त्रास झाला का, असं मी विचारलं. झाला, ती म्हणाली, सकाळभर झाला. तिची धाकटी बहीण शबनम जालन्याला दिलेली आहे, तिला बोलावलं होतं, पण ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अशा वेळी माणसं काहीतरी धरून ठेवण्यासारखं सांगतात, ऐकणाराही तेच शोधत असतो. मीही शोधत होते.

"जाताना काही बोलले का तुझ्याशी?"

"हाक मारली."

"काय म्हणाले?"

आपानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "शबनम म्हणाले."

खोलीत तेव्हा तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. ती मला काहीही सांगू शकली असती.