तिसऱ्या बटणापर्यंत पाणी

बडेबाबू कानावरची लाल-निळी पेन्सिल काढायचे, जुन्या फॉर्मची कोरी बाजू समोर ओढायचे आणि म्हणायचे, "थांब बावा, आधी कागदावर उतरवू." चहा मागवायचा असला तरी हेच. सौंसरच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि मी शेजारच्या टेबलावर. उतार आला की सायकलवरून खाली उतरून चालणारा माणूस. अशा माणसानं त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास ट्रक बांधायला घेतला म्हटलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

कारण होतं पोरगी. एकुलती एक, रामाकोन्याच्या पुढे नाल्यापलीकडच्या गावात दिलेली. पाऊस लागला की विहीणबाईंचा निरोप ठरलेला, "नाला भरला हाये, उतरला की पाठवतो." पहिल्या वर्षी पोरगी ना राखीला आली, ना पोळ्याला. आता तिला दिवस गेले होते आणि सातवा महिना नेमका श्रावणात येत होता. पहिलं बाळंतपण माहेरी होणार की नाही, हे सगळं त्या नाल्याच्या हातात.

"पावसाच्या आधीच घेऊन या ना," मी म्हटलं.

"डोहाळजेवण झाल्याबिगर सोडत नाहीत रे बावा ते लोकं. म्हणून तं ट्रकचं करून राहिलो."

ट्रक त्यांच्या मेव्हण्याचा, संत्री वाहायला म्हणून लिलावात घेतलेला मिलिटरीचा भंगार. पांढुर्ण्याच्या एका मिस्त्रीकडे तो पडून होता. बडेबाबूंची अट एवढीच की तो नाल्यातूनही निघाला पाहिजे आणि छिंदवाड्याला रीतसर पासही झाला पाहिजे. "बिना पासिंगच्या गाडीत पोरगी आणू काय? पोलिसानं रस्त्यात उतरवली मंग?"

आता मापाचं ऐका. आदल्या पोळ्याला ते पोरीला आणायला गेले होते आणि छातीभर पाण्यातून माघारी फिरले होते. त्या शर्टावर तिसऱ्या बटणाशी चिखलाची रेघ उमटली होती. तो शर्ट त्यांनी वर्षभर धुऊ दिला नाही! दर रविवारी तो घालून बसनं पांढुर्ण्याला जायचे आणि ट्रकला खेटून उभे राहायचे. मिस्त्री विचारायचा, "बाबूजी, किती फूट उचलू?" हे छाती काढून म्हणायचे, "फूटबीट मले नको सांगू. सारं सामान तिसऱ्या बटनाच्या वर घे."

घेतलं की हो त्यानं! चाकं माणसाच्या कमरेच्या वर गेली आणि सायलेन्सर केबिनच्या टपावर.

पासिंगला मीही सोबत होतो. तिथल्या आरटीओच्या साहेबानं ट्रकभोवती दोन चकरा मारल्या.

"ये धुआँ ऊपर से क्यों?"

"नीचे पानी रहेगा, साहब."

"कहाँ का पानी?"

"समधन के नाले का, साहब."

साहेब हसता हसता खाली बसला. पण पास केलं नाही. चाकं बॉडीच्या बाहेर आली होती, त्यांवर मडगार्ड पाहिजे म्हणाला. बडेबाबूंनी तेलाचे डबे कापून मडगार्ड ठोकून घेतले, मागचे लाल दिवे बसवले, आणि तिसऱ्या खेपेला ट्रक पास झाला. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या कचेरीला पेढे वाटले.

श्रावणात नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. मिस्त्रीनं ट्रक घातला आणि काय सांगू, म्हैस निघावी तसा पलीकडे निघाला! अख्खं गाव विहीणबाईंच्या दारात जमलं. बडेबाबूंची मान ताठ. पोरगी पिशवी घेऊन बाहेर आली, ट्रकपाशी उभी राहिली आणि वर बघू लागली. केबिनचं दार तिच्या डोक्याशी होतं.

"बाबा, चढू कशी?"

पाण्याचा, धुराचा, दिव्यांचा, सगळ्याचा विचार झाला होता. सातव्या महिन्यातली पोरगी वर चढणार कशी, हे मात्र कुठल्याच फॉर्मच्या मागे नव्हतं. स्टूल आणलं, बाज आणली, शेवटी कुणीतरी शिडी आणली.

"पोटुशी बाईले शिडीवर चढवता काय, इवाई?" विहीणबाई आपल्या व्याह्यांवर कडाडल्या.

दुपारपर्यंत नाला उतरून गुडघाभर राहिला. पोरगी गादी घातलेल्या बैलबंडीत बसून माहेरी आली. पुढे रिकामा ट्रक, आणि बंडीच्या चाकाला हात लावून चिखलातून चालणारे बडेबाबू.

नातू माहेरीच झाला. ट्रकनं पुढे कितीतरी हंगाम संत्री वाहिली. पण बडेबाबूंच्या मनातून ते गेलं नाही. "पोरीसाठी बांधला, आन् पोरगीच बसली नाही त्यात," म्हणायचे. आम्ही त्यांना फार छळलं. मी तर त्यांच्या टेबलाला खडूनं शिडी काढून ठेवली होती. आज त्याची लाज वाटते.

रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत ते गेले. तेरवीला पोरगी माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, तो नाला दरसाल कितीही भरला तरी दुपारपर्यंत उतरतेच. सासूले माहीत होतं. तिले पाठवाचंच नोहतं. दारात ट्रक आला, गाव जमलं, मंग नाही म्हणता आलं नाही तिले. मी ट्रकमुळंच आली."

मी म्हटलं, "अगं, मग बाबाला कधी सांगितलं नाहीस?"

"सासरचं गाऱ्हाणं माहेरी कसं सांगू? सासू गेल्यावर सांगीन म्हटलं, काका," ती म्हणाली. "बाबाच आधी गेले."