मे महिन्यातलं ऊन

मे महिन्यातल्या उन्हानं मला फसवलं. उत्तर इंग्लंडच्या या थंड परगण्यात मी शून्यातून दुकान उभं केलं, घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेतली नाही, आणि काल त्या कोवळ्या उन्हाला भुललो. हिवाळाभर घरात जपलेली बायकोची कढीपत्त्याची कुंडी मी अंगणात ठेवली. रात्री दव गोठलं. सकाळी पानं काळी पडली होती.

कुंपणापलीकडची म्हातारी म्हणाली, "जून लागल्याशिवाय इथं कुणी कुंड्या बाहेर काढतं का?"

"मग काल का नाही बोललात?" मी खेकसलो.

"काल तुम्ही फार खुशीत होतात."

आमच्या सांगलीत ऋतू येतो तो मुक्कामाला. इथं तो दारातून डोकावतो, भाव विचारतो आणि काही न घेता निघून जातो. अशा गिऱ्हाइकाशी सौदा कसा करायचा?

सांगलीहून बायकोचा फोन आला. "उद्या निघतेय. कढीपत्ता बराय ना?"

"आहे की," म्हणालो आणि खोडाला नख लावून पाहिलं. आत हिरवं आहे की नाही, नीट कळेना.

आणि आता तेच ऊन निर्लज्जासारखं खिडकीत येऊन बसलंय, बाहेर बोलावतंय. येतो. पण आधी या पानांचा जाब दे.