उतरून राह्यलो

नौदलात मी अठरा वर्षं काढली. त्यातली सात वर्षं जिथं होतो तिथून समुद्र दिसत नव्हता. गुडीहत्नूरच्या, म्हणजे आमच्या गावच्या, स्टँडवर कुणाला हे सांगितलं की आधी हसू येतं, मग प्रश्न येतो, "मंग तू कायचा नेवीवाला बे?" पोहता येतं का, हाही एक प्रश्न ठरलेला. येतं. नोकरीत एकदाही कामी आलं नाही.

माझं पोस्टिंग दक्षिणेतल्या एका व्हीएलएफ स्टेशनवर होतं. व्हीएलएफ म्हणजे फार कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ. साध्या रेडिओच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, या थोड्या खोलपर्यंत शिरतात. पाण्याखालच्या पाणबुडीला त्या ऐकू येतात. ती फक्त ऐकते, उलट बोलू शकत नाही. त्यासाठी एवढाले उंच मनोरे लागतात की खालून वर बघताना टोपी पडते, आणि मनोऱ्यांच्या मधे तारांचं जाळं. आम्ही मनोऱ्याला मास्ट म्हणायचो. स्टेशन चालू असताना त्या तारांवर जे व्होल्टेज असतं त्याला आम्ही एचटी म्हणायचो. एचटी चालू असताना वर असलेला माणूस वाचत नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे एकच वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं होतं.

मी पेटी ऑफिसर, ट्रान्समीटरच्या डेस्कवर. एचटीचं बटण माझ्या हाताखाली असायचं.

मास्टवर चढून बोल्ट, तारा, इन्सुलेटर तपासणाऱ्यांना रिगर म्हणतात. त्यांचा म्होरक्या बाबाराव, आमच्याच जिल्ह्यातला, नार्नूरचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. घरची भाजीची वाडी सोडून हा माणूस आभाळात नोकरी करायला का आला, हे मला कधी कळलं नाही. सकाळी भेटलो की तो मला "जयभीम" म्हणायचा आणि मी त्याला "रामराम". हे आमचं कुणी न ठरवता ठरलं होतं. हजार कोसांवर आपल्या बोलीतला माणूस भेटणं म्हणजे काय, ते बाहेर राहिलेल्यालाच कळेल. ट्रेनिंगमध्ये माझ्या "करून राह्यलो"ला पुण्याची पोरं इतकी हसली होती की मी ते जिभेवरून घासूनच काढलं होतं. बाबारावनं काही घासलं नव्हतं.

त्या मार्चमध्ये आमच्याकडे नवे कंट्रोल ऑफिसर आले. लेफ्टनंट कमांडर जगदाळे, कोल्हापूरकडचे. माणूस शिस्तीचा, पण मनानं मोकळा. आम्ही दोघं मराठी म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, "ड्यूटीवर हिंदी-इंग्रजी आहेच. पण बाबाराव, माझ्याशी वॉकीटॉकीवर मराठीत बोलायचं. लाजायचं नाही."

बाबाराव कशाला लाजतोय?

साहेबांना येऊन तीन आठवडे झाले होते. मंगळवार होता. नऊ वाजता ट्रान्समीटर बंद केला. बारापर्यंत मेन्टेनन्स. बाबाराव आणि त्याचे दोन रिगर मास्टवर गेले. जाण्याआधी प्रत्येकानं मास्टखालच्या बोर्डावरची आपापली चावी काढून खिशात घातली. पद्धत अशी होती की बोर्डावर सगळ्या चाव्या परत लागल्याशिवाय एचटी चालूच होत नाही. माणूस वर असेल तर चावी त्याच्या खिशात, आणि चावी खिशात तर बटण मेलेलं. पद्धत करणाऱ्यानं डोकं लावलं होतं. माणूस चावी ठेवून पुन्हा वर जाईल, हे त्यानं धरलं नव्हतं.

१०:३१ ला मुख्यालयाकडून तातडीचा संदेश आला. आमची एक पाणबुडी ज्या भागात होती तिथं दुपारी जहाजांचा गोळाबारीचा सराव होता, आणि त्याची वेळ अलीकडे ओढली होती. पाणबुडीला तो भाग सोडायला सांगायचं होतं. ती अकरा ते सव्वाअकरा ऐकणार, त्यानंतर थेट दुपारी तीनला. तीनपर्यंत उशीर झाला असता.

साहेबांनी वॉकीटॉकी उचलला. "सगळे खाली. मेन्टेनन्स रद्द. अकराला संदेश पाठवायचाय."

"येस सर," बाबाराव म्हणाला.

१०:४० ला मास्टची लिफ्ट खाली आली. तिघं उतरले. चाव्या बोर्डावर लागल्या. तिन्ही हिरवे दिवे माझ्या डेस्कवर पेटले. दोन रिगर शेडकडे गेले. मास्टखाली बाबारावनं कमरेचा पट्टा चाचपला आणि त्याच्या लक्षात आलं की मोठा पान्हा वरच्या प्लॅटफॉर्मवर राहिला. तारेजवळ लोखंड सुटं पडलेलं असलं तर ठिणगी उडून स्टेशन पुन्हा बंद पडतं. म्हणजे त्याचं कारण खरं होतं. अकराला अजून वेळ आहे, असं त्याला वाटलं. ट्रान्समीटरला ट्यून व्हायला वेळ लागतो आणि एचटी आधीच द्यावं लागतं, हे रिगरला कोण सांगणार? तो लिफ्टमध्ये शिरला आणि परत वर गेला. चावी बोर्डावरच राहिली.

१०:५२. नियमाप्रमाणे एचटी देण्याआधी एकदा तोंडी विचारायचं.

"बाबाराव, कंट्रोल. खाली का?"

वॉकीटॉकी खरखरला. "उतरून राह्यलो सर!"

"शाब्बास." साहेब माझ्याकडे वळले. "एचटी ऑन."

माझा हात बटणाकडे गेला होता, हे मी लपवत नाही. तिन्ही दिवे हिरवे, ऑफिसरचा हुकूम, घड्याळ पळतंय. मग ते दोन शब्द माझ्या कानात नीट उतरले. मी हात मांडीवर ठेवला.

"सर, नाही."

"काय नाही?"

"सर, बाबाराव वर आहे."

"आत्ता म्हणाला ना, उतरून राहिलो. उतरला आणि खाली राहिला."

"नाही सर. आमच्याकडं उतरून राह्यलो म्हणजे उतरतोय. अजून उतरतोय."

"गौतम, तिन्ही चाव्या बोर्डावर आहेत!"

"आहेत सर. तरी तो वर आहे."

नौदलात ऑफिसरला "नाही" म्हणायची ही माझी पहिली वेळ. मी चुकलो असतो तर पाणबुडीतली माणसं माझ्या डोक्यावर, आणि कोर्ट मार्शल वेगळं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हिरव्या दिव्यांकडे पाहिलं, आणि वॉकीटॉकी माझ्या हातात दिला. त्यांनी तो दिला म्हणून मी आजही त्यांना मानतो.

"बाबारावभाऊ, कुठं हाय तुमी?"

"अर्ध्यात हाय न. पान्हा राह्यला होता वर, घेऊन येऊन राह्यलो. काऊन?"

कंट्रोल रूममध्ये आम्ही चौघं होतो. चौघांनीही त्या हिरव्या दिव्यांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हिंदी बोलायचा हुकूम असता तर बाबाराव "उतर रहा हूँ" म्हणाला असता आणि प्रश्नच आला नसता. साहेबांनीच त्याला मराठीत बोलायला लावलं होतं, आणि तो आपल्या मराठीत बोलला होता.

मी म्हणालो, "काही नाही भाऊ. लवकर या. उतरले की सरळ कंट्रोलमध्ये."

लिफ्ट हळू होती. १०:५५ ला कमांडिंग ऑफिसरचा फोन आला, एचटी का नाही म्हणून. साहेब म्हणाले, "मॅन अलॉफ्ट, सर. माणूस खाली येईपर्यंत एचटी मिळणार नाही." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. साहेबांनी "येस सर" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतरची मिनिटं मी मोजली नाहीत. साहेबांनी मोजली असावीत, कारण ते घड्याळाखालीच उभे होते.

११:०१ ला बाबाराव मास्टपासून पळत, धापा टाकत दारात आला. हातात पान्हा.

साहेबांनी त्याच्या खांद्याला हात लावून पाहिलं. खरंच हात लावून. मग बाकीच्या दोन रिगरांना बोलावून भिंतीशी उभं केलं, एक-दोन-तीन असं बोटानं मोजलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एचटी ऑन."

११:०९ ला संदेश गेला. सव्वाअकराच्या आत आम्ही तो दोनदा पाठवला. ऐकला की नाही, हे कळायची सोय नव्हती. नऊ दिवसांनी पाणबुडी बंदराला लागली आणि फोन आला, संदेश वेळेवर मिळाला होता. त्या दिवशी मी मेसमध्ये चार जणांचं जेवण एकटा जेवलो.

बाबारावला मात्र त्या मंगळवारी काहीच कळलं नव्हतं. कँटीनमध्ये मी सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "बापा! दोन मिन्टाचं काम होतं!" मग चहाचा कप तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. बराच वेळ तो आपले तळहात बघत बसला. मग म्हणाला, "घरी नको सांगजो." मी सांगितलं नाही.

चौकशी झाली. साहेबांनी रिपोर्टमध्ये पहिली चूक स्वतःची लिहिली. बाबारावला महिनाभर मास्टबंदी झाली, आणि एचटीआधी प्रत्येक रिगर कंट्रोल रूममध्ये समोर येऊन उभा राहील असा नवा नियम झाला. मला शाबासकी मिळाली नाही, पण रोज संध्याकाळी साहेब मला बोलावून विचारू लागले, "आणखी काय काय आहे रे तुमच्या भाषेत, ज्यानं माणूस मरेल?" मी त्यांना "काऊन" म्हणजे "का", इथपासून सुरुवात करून दिली. ते शिकले पण चांगले. कोल्हापूरच्या तोंडात आमची बोली ऐकून बाबाराव पोट धरून हसायचा.

आम्ही तिघंही निवृत्त झालो. बाबारावनं नार्नूरला परत वाडी केली, वांगी आणि मिरची. दर दसऱ्याला साहेबांचा मला फोन यायचा, आणि पहिला प्रश्न असायचा, "बाबाराव कसा आहे?" माझी तब्येत नंतर. मला थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या थंडीत मीच त्यांना फोन केला.

"सर, बाबाराव गेला."

पलीकडून एकदम बारीक आवाज आला. "कसा?"

"दुपारचं जेवण करून अंगणात चटईवर पडला होता. सुनेनं चहाला उठवलं तर उठला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता सर."

"जमिनीवर होता ना?"

"हो सर. जमिनीवरच."

"बरं झालं," साहेब म्हणाले. "बरं झालं रे, गौतम."

कुणाच्या मरणावर असं म्हणू नये. पण मीही तेच म्हणालो, आणि मग आम्ही दोघं फोनवर रडलो.