आबांच्या बाटलीतलं गंधक

आबांच्या लघवीवर टाकलेलं गंधक टुपकन बुडालं, तेव्हा माझ्या ओपीडीत पाच-सहा माणसं श्वास रोखून उभी होती. गंधक तरंगायला हवं होतं. ते तरंगणार हे मी सगळ्यांना आधीच सांगून बसले होते.

"म्हंजे माले बी दिन ऱ्हायनात का, बाई?" आबा म्हणाले. "मंग मनं बी बाळंतपण आजच उरकी टाका."

सगळे हसले. ज्या सुनेसाठी हा सगळा खटाटोप चालला होता ती रंजनाही हसली, आणि हसता हसता तळहात खाजवत राहिली.

हे ऐंशीच्या दशकातलं. धुळ्याला देवपुरात माझं दहा खाटांचं प्रसूतिगृह होतं. आबा साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावचे माजी सरपंच, मिरचीचे मोठे शेतकरी. रंजना त्यांची धाकटी सून. दुसऱ्यांदा गरोदर. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, पहूरला झालं होतं. नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. सासरचे म्हणायचे, माहेरच्यांनी हेळसांड केली. माहेरचे म्हणायचे, सासरच्यांनी शेवटपर्यंत शेतात राबवलं. मी म्हणायची, पहूरहून दवाखान्यात पोचायला उशीर झाला असणार. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणायची.

या खेपेला सासऱ्यांनी तिला माहेरी पाठवलंच नाही. सदतीस आठवडे पूर्ण झाले तेव्हा ते स्वतः तिला जीपने घेऊन आले. डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता. तळहातांवर आणि तळपायांवर नखांचे ओरखडे होते, पण पुरळ एकही नाही. ताप नाही, उलटी नाही, जेवण व्यवस्थित. गळ्यात एका वनस्पतीच्या काड्यांची माळ, कमरेपर्यंत आलेली.

ही माळ कावीळ उतरवणाऱ्याची. पहिल्या दिवशी ती लहानशी कडी असते, डोक्यावर ठेवतात. मग रोज वाढत वाढत गळ्यात, छातीवर, पोटावर येते. पायापर्यंत आली की कावीळ उतरली. खरं म्हणजे ओल्या काड्या सुकतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. माळ खुंटीला अडकवली असती तरी लांबली असती. पण हे मी बोलले नाही. सुरुवातीची काही वर्षं बोलायची आणि पेशंट घालवायची.

गरोदरपणातल्या सगळ्या काविळी सारख्या नसतात. दूषित पाण्यातून येणारी कावीळ शेवटच्या महिन्यांत फार वाईट, ती आईच्याच जिवावर उठते. रंजनाची ती नव्हती. हिच्या काविळीत लिव्हरमधलं पित्त नीट वाहत नाही, तुंबतं. त्यातले पित्तक्षार रक्तात उतरतात आणि अंगाला खाज सुटते, त्यातही तळहात-तळपायांना जास्त. आईला त्रास होतो, रक्त जरा उशिरा गोठतं, पण बाळंत झाली की चार दिवसांत ती बरी होते. धोका बाळाला. तेच पित्तक्षार वारेतून बाळापर्यंत जातात आणि शेवटच्या आठवड्यांत धडधाकट बाळ काहीही इशारा न देता पोटात जातं. तेव्हा आमच्याकडे यावर धड औषध नव्हतं. दिवस भरत आले की कळा सुरू करून बाळ बाहेर घ्यायचं, एवढाच उपाय होता.

मी आबांना म्हटलं, "आजच अ‍ॅडमिट करा. उद्या सकाळी ड्रिप लावून डिलिव्हरी करू."

"दिन पुरा भरनात नहीत आनि पोर काढतस? माळ कमरलगून उनी शे. आठ दिनमा पायलगून ई. मंग दखूत."

"आबा, आठ दिवसांत माळ नक्की उतरेल. बाळाची खात्री मी देत नाही."

"मांगनं पोर गये तवय हिना पोटवर माळ नव्हती," आबा म्हणाले. त्यांच्या परीनं त्यांचा पुरावा माझ्याइतकाच पक्का होता.

मी रक्ततपासणीचं सांगितलं. रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. आबांनी हात झटकले. "तो कागद तुम्हनाच शे, बाई. तुम्हीच लिखतस, तुम्हीच वाचतस."

तेव्हा मला कॉलेजात शिकलेली एक जुनी टेस्ट आठवली. लघवीवर गंधकाची बारीक पूड टाकायची. पित्तक्षार नसतील तर पूड वर तरंगते, असतील तर खाली बसते. यंत्र नाही, कागद नाही. जे व्हायचं ते डोळ्यांसमोर.

"गंधक?" आबा खुर्चीत सरळ झाले. "ते माले काय सांगतस? दर साल मिरचीवर मारस मी."

इतका वेळ माझी डिग्री भिंतीवर टांगलेली होती, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गंधकाचं नाव काढलं आणि माझी किंमत वाढली.

सुमनअक्का ही आमची आया. तिने बाटली दिली, रंजनाने नमुना आणला. मी औषधांच्या कपाटातली चिमूटभर गंधकाची पूड टाकली. क्षणभर वर थांबून ती सरळ तळाला गेली.

"पाहिलंत?"

"गंधक जडच ऱ्हास. ते बुडीच," आबा म्हणाले. "मना पानीमा टाकी दखा."

मला हेच हवं होतं. सुमनअक्काने दुसरी बाटली आणून अदबीने आबांच्या हातात दिली. आबा आत जाऊन आले. मी बाहेर बाकावर बसलेल्यांनाही आत बोलावलं, म्हणजे साक्षीदार वाढतील. पूड टाकली आणि ती रंजनाच्यापेक्षाही झपाट्याने बुडाली.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

आबांना कावीळ नव्हती, आणि गरोदर असण्याची शक्यता त्याहून कमी होती. सगळ्यांचं हसू थांबेपर्यंत मी बाटलीकडे बघत राहिले. काठाला बारीक फेस दिसला.

"सुमनअक्का, ही बाटली कशी धुतली?"

"आबासनी बाटली व्हती, बाई. तशीच देऊ का?" ती अभिमानाने म्हणाली. "धुनानी पावडर लाईसन दोनदाव धुई."

"आणि रंजनाची?"

"तिनी कसाले? तिनी नळखाले धरी लिधी."

मी तिला सगळ्यांदेखत झापलं. माणूस बघून बाटली धुतेस का, दवाखान्यात सरपंच आणि सून सारखेच, वगैरे. चांगलं खणखणीत भाषण झालं. मग आबांना म्हटलं, "साबणानं पाण्याचा वरचा ताण मोडतो, म्हणून तुमचं गंधक बुडालं. पित्तक्षार तेच करतात. ते लिव्हरनं बनवलेला साबणच आहेत."

आबांचं हसू हळूहळू गेलं. "म्हंजे हिना रगतमा साबन फिरी ऱ्हायना?"

"तसंच समजा."

"आनि तो पोरलगून जास?"

"जातो."

नुसत्या पाण्याने विसळलेली बाटली आबांनी स्वतः मागून घेतली. या वेळी गंधक वर राहिलं. त्यांनी जीपच्या ड्रायव्हरलाही बाटली धरायला लावली. त्याचंही गंधक वर राहिलं. मग पुन्हा सुनेची बाटली उचलून उजेडाकडे धरली. तळाला पिवळा थर तसाच होता.

"भरती करा," ते म्हणाले. "पन माळ ऱ्हाई."

"राहू द्या. फक्त पोटावरून बाजूला करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिप लावली, रक्त नीट गोठावं म्हणून व्हिटॅमिन के दिलं. दुपारी पाणमोट फोडली तर पाणी हिरवं. बाळाने आतच शी केली होती, म्हणजे त्याचा जीव घाबरा झाला होता. आठ दिवस मागणाऱ्या आबांना मी ते पाणी दाखवायला नेणार होते, पण वेळ नव्हता. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. पहिलं अर्धं मिनिट ती रडलीच नाही. नाकातोंडातलं शोषून काढलं, पाठ चोळली, तेव्हा रडली. मला फार बरं वाटलं, इतकं की सुमनअक्कावरचा रागही विसरले.

दोन दिवसांत रंजनाची खाज गेली. पाचव्या दिवशी माळ पायापर्यंत आली. घरच्यांनी माळवाल्याला धोतर, टोपी आणि नारळ दिला. मला आबांनी गंधकाची एक गोणी पाठवली आणि निरोप दिला, "टेस्ट करीसन उरनं ते मिरचीवर मारा."

घरी सोडायच्या दिवशी दुपारी रंजना बाळाला घेऊन माझ्यासमोर बसली होती. हे दुखणं पुढच्या खेपेलाही होऊ शकतं, हे तिला समजावत होते. बोलता बोलता विचारलं, "मागच्या वेळी अशी खाज होती का गं?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. विचारला नाही, कारण मागच्या वेळचं मला सगळं माहीत आहे असं मला वाटत होतं.

"व्हती ना, बाई. पहूरले जायाच्या आधी इथीच सांगेल होतं तुम्हाले. तुम्ही ते गुलाबी औषध देल्हं होतं ना, बाटली हालवून लावाचं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट औषध आठवलं म्हणून ती जरा खूशच दिसली. ती गेल्यावर मी कपाटातून जुना केसपेपर काढला. अक्षर माझंच होतं. "खाज. कॅलामाइन लावणे." पुढे वजन, पुढे बीपी. दोन वर्षं मी पहूरच्या रस्त्याला दोष देत होते.

केसपेपरच्या पहिल्या पानावर मी 'तळहात-तळपायाला खाज?' असा रकाना छापून घेतला आणि प्रॅक्टिस बंद करेपर्यंत तो ठेवला. आबा होते म्हणून मी तासभर बाटल्या हलवल्या होत्या. रंजना एकटी आली होती तेव्हा दोन शब्दांत उरकलं होतं.

त्या संध्याकाळी मी सुमनअक्काला केबिनमध्ये बोलावलं, समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा दिला. ती बिचारी घाबरून गेली, आता काय चुकलं म्हणून विचारत राहिली. तिचं काहीच चुकलं नाही, एवढंच मी म्हटलं.