हंडा भरायला लागणारा वेळ

सुलभाबाईंच्या साठीनिमित्त लिहायला संपादकांनी मला सांगितले, कारण बाईंसोबत सर्वांत जास्त वर्षे मी काढली. त्यातली बरीचशी मी त्यांच्यावर जळण्यात घालवली, हे त्यांना ठाऊक नसावे.

कशेडी घाटाच्या अलीकडच्या आमच्या शाळेत बाई बदलून आल्या, तेव्हा एकाच खोलीत कपाटे आडवी लावून दोन वर्ग भरत. पहिल्याच दिवशी पलीकडून एका मुलाने विचारले, "बाई, घाटात दरड एकाच अंगानं का येते?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. कसं शोधू या?" मी मनात म्हटले, बाई तयारी न करताच आल्या! माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असे. तरीही महिनाभरात माझ्या वर्गाचे कान कपाटापलीकडे लागले.

बाईंमध्ये खोट काढावी, तर तीही सापडेना. माझी पत्नी मुंबईला इस्पितळात होती, तेव्हा पंधरा दिवस बाईंनी माझाही वर्ग सांभाळला. परत येऊन पाहतो तो मुले माझ्याच पद्धतीने पाढे म्हणत होती. "सरांच्या वर्गात सरांचीच पद्धत," बाई म्हणाल्या. त्या क्षणी मला कृतज्ञ वाटायला हवे होते. मला राग आला.

मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. वाडीला दोन झरे, वरचा देवळाजवळचा मोठा आणि खालचा बारीक. बाईंची मुले दिवाळीपासून दर शनिवारी दोन्हीकडे हंडा लावून तो किती वेळात भरतो ते वहीत लिहीत. होळीपर्यंत त्यांच्या ध्यानात आले, की वरच्या झऱ्यावर दर आठवड्याला जास्त वेळ लागतो आहे. खालच्याचा वेळ मात्र बदललेला नाही. टाकी खालच्या झऱ्यावर बांधा, असे मुलांनी ग्रामसभेत सांगितले. जुनी माणसे हसली आणि माझ्याकडे वळली. "सर, तुमी गणिताचं मास्तर. काय म्हंता?"

मुलांनी वही माझ्या हातात दिली होती. मी ती न उघडता परत केली आणि म्हणालो, "मुलांच्या खेळावर टाकी बांधू नका."

टाकी वरच्या झऱ्यावर झाली आणि पुढच्या वैशाखात कोरडी पडली. बाया खालच्या झऱ्यावर हंडे घेऊन रांगेत बसू लागल्या. त्यांत सातवीतली मनालीही असे. हीच पोर शनिवारी घड्याळ धरून बसायची.

आता बाई मला सुनावतील म्हणून मी उत्तरे जुळवून ठेवली होती. बाईंनी मुलांना फक्त नवा प्रश्न दिला: आपले मोजणे बरोबर होते, तरी लोकांना का पटले नाही? मुले घरोघर विचारत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे उत्तर लिहीत हिंडली. कुणी म्हणाले देवाचा झरा आटेल कसा, कुणी म्हणाले पोरांचं काय ऐकायचं. शेवटी मनाली माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, तुमी आमची वही उघडलीत पन नाय. मंग नाय कशाला म्हनालात?"

"वर्गात जा," मी म्हणालो.

कपाटाआडून बाईंचा आवाज आला, "मनाली, सरांच्या नावापुढं जागा मोकळी सोड. आपल्या मनाचं काही लिहू नकोस."

पुढे खालच्या झऱ्यावर पंप बसवून त्याचा पाइप वरच्या टाकीला जोडला गेला, आणि नळाला पाणी आले म्हणून बाया बाईंची ओटी भरायला आल्या. मी पाढे घेत होतो. बाईंनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशीही नाही, आणि त्यांचा हा मोठेपणा मला अजूनही सहन होत नाही.

बाईंना उत्तम आरोग्य लाभो, शंभरी गाठेपर्यंत मुलांना त्यांनी प्रश्न विचारायला लावावेत, ही मनापासून इच्छा. आणि मनाली, आता त्या मोकळ्या जागेत लिही: वहीतले आकडे बरोबर असणार, हे सरांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ती उघडली नाही.