कोरडी गच्ची

शेवटचं भेटलो तेव्हा दादाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आणि विचारलं त्याने पंपाचं. "चालू हाय ना?" "हव," मी म्हटलं. दुपारी तो गेला… त्याला आता सहा आठवडे झाले.

विनायकदादा, माझा थोरला भाऊ, ढगांचा अभ्यास करायचा. खरं म्हणजे धुराचा. रायपूर राजधानी झालं, चहूकडे बांधकामं निघाली, सिलतऱ्याकडच्या कारखान्यांचा धूर वाढला, तसा त्याने बूढ़ापारा मोहल्ल्यात, तलावाकाठच्या आमच्या गच्चीवर हवा ओढणारा पंप बसवला. आतल्या गोल कागदावर हवेतले कण बसत, दादा ते तोलत बसे. घरात आम्ही दोघंच, दोघंही बिनलग्नाचे. वहिनी म्हणून पंप आला, असं मी चिडवायची. "कण फार झाले की ढगातलं पाणी वाटल्या जाते," तो सांगायचा. "थेंब बारीकच राहतात. ढग येते, पाऊस नाही येत."

त्याला खोकला होता. म्हणून तो कॉलेजात गेला की मी रोज गच्चीवर पाणी शिंपडायची, धूळ बसावी म्हणून. त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. वर्षभराने तो परिषदेत निबंध वाचून आला की आपल्या तलावाकाठची हवा सुधारते आहे. त्याच आठवड्यात एकदा लवकर घरी आला, तर मी बादली घेऊन वर.

"पाणी काहून टाकून राहिली?"

"तुले खोकला होते ना."

"कधीपासून?"

"पंप लागला तेव्हापासून."

त्याने बादली माझ्या हातून काढून घेतली. "पूर्ण साल गेलं, पोट्टे."

चौथ्या दिवशी त्याने परिषदेला पत्र लिहून निबंध मागे घेतला. त्यात चूक स्वतःची लिहिली. मग मोजणी पहिल्यापासून, कोरड्या गच्चीवर, स्वतः पंपाशी बसून. खोकला छातीत उतरला. "थोडंसं शिंपडू?" मी विचारलं. "आकडा खोटा होते," तो म्हणाला. मी ऐकलं. ऐकायला नको होतं असं आता रोज वाटतं, आणि ऐकलं नसतं तर त्याने मला कधीच माफ केलं नसतं, हेही कळतं.

मोजणीचं दुसरं वर्ष भरायला थोडेच दिवस उरले असताना तो गेला. त्याला नेल्यावर रिवाजाप्रमाणे शेजारच्या बायकांनी घर धुवायला घेतलं. खोल्या झाल्या, ओसरी झाली, बादल्या जिन्याशी आल्या. मी वाट अडवून उभी राहिले. "वर नाही." "अवो बाई, सुतकाचं घर हाय, धुवा लागते!" मी हलले नाही.

मोजणीचं वर्ष भरलं तेव्हा त्याची विद्यार्थिनी पंपातले शेवटचे कागद न्यायला आली. वही उघडून तिने हळूच विचारलं, "दीदी, छत पर पानी तो नहीं डाला?"

"एक थेंब नाही," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला रडू फुटलं.