तव्यासाठी एक धिरडं

माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आंधळगावात लोखंडी भांड्यांचं दुकान टाकलं त्या वर्षी ती लावली. त्याआधी कित्येक वर्षं सायकलच्या कॅरिअरला तवे-कढया बांधून करडीपासून मोहाडीपर्यंतचे बाजार केले. मला कुणी हात धरून पुढे आणलं नाही. गिऱ्हाइकाच्या चपला बघून भाव सांगायला मी आपला आपणच शिकलो. त्या पाटीवरून लोकांशी भांडणंही पुष्कळ केली.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नागपूरच्या एक बाई गाडीतून उतरल्या. त्यांना बिडाचा तवा हवा होता. मी नवा काढला आणि बोटाच्या पेराने वाजवून दाखवला. बीड अखंड असलं की खणखणीत वाजतं, तडा असला की बद्द आवाज येतो. बाईंनी तो हातातही घेतला नाही.

“नव्यावर धिरडं चिकटतं हो. घरात वापरलेला, काळा झालेला एखादा असेल तर द्या. तुम्ही सांगाल तो भाव.”

असं बोलणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात दोन-तीनदाच भेटलं असेल. दुकानाच्या मागे माझं घर आहे. बायको शेजारी पापड लाटायला गेली होती. चुलीजवळ तांदळाचं पीठ भिजवून वर ताटली झाकून ठेवलेली. तवा भिंतीला टेकवलेला होता, सकाळच्या पोळ्यांनी अजून कोमट. मी तो उचलला. कडेला एक टवका उडालेला होता, तो दाखवून बाईंनी भाव पाडायला बघितलं. मी म्हणालो, टवका उडूनही इतकी वर्षं चालला, यातच समजा काय ते. नव्याच्या चौपट किमतीत तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि स्वतःवर खूश झालो.

तो टवका जुना होता. दुकानाच्या पहिल्या वर्षी मालात एक तवा तसा आला. कुणी घेईना, तेव्हा मी तो बायकोपुढे सरकवला. “घे, हा तुले.” म्हणजे तवा माझ्या दुकानातला, मीच दिलेला. हे मी त्या दिवशीही म्हणालो आणि आजही म्हणतो.

बायको पापड लाटून आली, चुलीपाशी थांबली. “तवा कुठी गेला वो?”

मी मोठ्या तोऱ्यात भाव सांगितला.

“काहून इकला?”

“चौपट आले म्हणून. दुकानातून नवा घे. दोन घे.”

“मले इचारलं नाई.”

“तव्यासाठी काय इचारायचं? तवा आहे, सोनं नाई!” मी इतक्या जोरात ओरडलो की पुढे उभं असलेलं गिऱ्हाईक निघून गेलं. तो रागही मी तिच्यावरच काढला.

ती दुकानात गेली. नवा तवा आणला, घासला, तापवला. तीन दिवस त्यावर धिरडी केली. एकही सबंध निघालं नाही. ती उलथन्याने खरवडून तुकडे माझ्या ताटात वाढायची. चौथ्या दिवशी पिशवी भरली. “मी पोरीकडं जातो.”

पोरगी एकोडीला दिली आहे. मला वाटलं, चार दिवस राहील. धानाची रोवणी झाली, निंदण झालं, तरी ती आली नाही. फोन केला की पोरगी म्हणायची, “बाबा, राहू द्या ना आईले इथंच थोडे दिवस.” तिचा आवाज असा, जणू मी तिच्या आईला घराबाहेर काढलं. मला फार लागलं ते. ज्या हातांनी सायकल ओढून तिला शिकवलं, त्या हातांचं कुणालाच काही नाही. एका तव्यासाठी कुणी घर सोडतं का?

पण घर रिकामं झालं होतं. दुकान बंद करून आत गेलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. सुरुवातीला डबा लावला. मग एक दिवस हट्टाला पेटून दुकानातला नवा तवा चुलीवर ठेवला. म्हटलं, तसाच तवा करून दाखवतो. त्यात एवढं काय आहे!

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो : आधी राखेने आणि नारळाच्या काथ्याने घासा, नीट तापवा, जवसाचं तेल लावा. स्वतः कधीच केलं नव्हतं. मी तेल भरपूर ओतलं, म्हणजे लवकर होईल. ते गुळाच्या पाकासारखं चिकट होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी त्यावर धिरडं असं धरलं की उलथनं वाकलं. संताप आला. तापलेल्या तव्यावर मी तांब्याभर गार पाणी फेकलं. टक्कन आवाज झाला आणि कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. बिडाला हे चालत नाही, हेही मीच लोकांना बजावत आलो होतो. तेव्हा ओरडायलाही समोर कुणी नव्हतं.

दुसरा तवा घेतला. या वेळी ती कसं करायची ते आठवत बसलो. तेल चिंधीला लावायची, तव्याला नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून तापल्या तव्यावर फिरवायची. साबण कधी नाही. काम झालं की कोमट असतानाच पुसायची, विस्तवावर सुकवायची, तेलाचा हात फिरवायची. लग्नाकार्याला माहेरी जाताना जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं, आणि मी समोर बसून जेवत होतो.

तवा रोज वापरला तरच तयार होतो. म्हणून रोज दोन धिरडी करायचो, एक माझ्यासाठी आणि एक तव्यासाठी. एका माणसाला दोन जड होतात. दुसरं मी शेजारच्या गाईला घालायचो. नवरात्राच्या आधी एके सकाळी पहिलं सबंध धिरडं सुटून आलं, कडा जाळीदार, खालून तांबूस. ते ताटात घेऊन मी तसाच दुकानात आलो. समोरच्या शिंप्याचं शटर बंद होतं. रस्त्यावर ओळखीचं कुणी दिसेना. उभ्यानेच खाल्लं.

त्याच दिवशी तवा पिशवीत घालून एस.टी.त बसलो. साकोलीला गाडी बदलली. वाटेत शेजारच्याने विचारलं, “काय वो एवढं जड?” मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

पोरीने दारात पाणी दिलं आणि आत निघून गेली. बायको अंगणात तांदूळ निवडत होती. मी तवा तिच्यापुढे ठेवला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, तव्याकडे पाहिलं. मधोमध बोट फिरवलं, वास घेतला.

“जवस?”

“हो.”

“कोनं केला?”

“मी. दुसरं कोन आहे तिथं?”

ती उठली. पोरीच्या गॅसवर तवा ठेवला, पीठ कालवलं, धिरडं घातलं. कडा सुटल्या. मध्ये धरलं. दुसरं घातलं, तेही मध्येच धरलं. चुलीवर माझं निघालं होतं, खरंच निघालं होतं. पण ते सांगून उपयोग नव्हता.

“मधात कच्चा आहे,” ती म्हणाली. “कडंनं झाला.”

“कडंनं झाला ना? मंग चाल घरी. मधातलं तिथं होईल.”

“नाई.”

“बरं, दसऱ्याले ये.”

“नाई म्हनलं ना.”

“दिवाळीले?”

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. “भाव नका करू माह्याशी.”

एक वाक्य मी बसमध्ये ठरवून आणलं होतं : मी तुला विचारायला पाहिजे होतं. ते जिभेवर आलं होतं. पण पोरगी दारात उभी होती, आणि मनात ती जुनी आढी होतीच की तवा माझ्या दुकानातला होता. ते वाक्य मी तसंच परत नेलं.

तिने तवा कोमट असतानाच पुसला. चिंधीने तेलाचा हात फिरवला. मग आतून जुन्या साडीचा तुकडा आणला, त्यात तवा बांधला आणि माझ्या पिशवीत ठेवला. “पातळ तेल लावा. घाई नका करू जी.” एवढंच बोलली.

दिवाळी होऊन गेली. तवा आता मध्येही सुटतो. मी अजून तिला कळवलेलं नाही. कळवायचं म्हणजे ते वाक्यही बोलावं लागेल.

मागच्या आठवड्यात भंडाऱ्याचे एक गृहस्थ कढई घ्यायला आले. आतलं दार उघडं होतं. त्यांची नजर चुलीवर गेली. “तो काळा तवा देता का? बोला, काय घ्याल?”

माणूस घ्यायच्या तयारीत होता, हे मला त्याच्या आवाजावरूनच कळलं.

“घरात विचारावं लागेल,” मी म्हणालो.

त्यांनी वाकून आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. “मग विचारून या की,” ते म्हणाले, आणि हातातली कढई ठेवून बाकावर बसले.

मी आत गेलो. खिशातून फोन काढला आणि एकोडीचा नंबर लावला.